ओल्या वाळूवरची माझी कुरकुर

डावं बटण सहावर. मधलं तीनवर. उजव्याला हात लावू नका मित्रांनो, ते सैल झालं आहे.

हं. आता बोलतो.

मी एक जुना धातुशोधक आहे. लांब दांडा, टोकाला ताटलीएवढं चक्र आणि मुठीजवळ तीन बटणं, एवढाच माझा संसार. चक्रातले तांब्याच्या तारेचे वेढे एका बाईंनी गुंडाळले. गुंडाळताना त्या शिंकल्या आणि एक वेढा जास्त पडला. म्हणून माझा आवाज चिरका आहे.

एकोणीस वर्षं मी एमलिनच्या उजव्या हातात होतो. एमलिन पावाची गाडी चालवायचा. ओहोटी लागली की मला घेऊन वेल्समधल्या बोर्थ गावच्या वाळूवर उतरायचा. ओल्या वाळूत मीठ असतं, आणि मीठ आम्हाला धातूसारखंच वाटतं. म्हणून तो मला आधी जुळवून घ्यायचा. चक्र खाली-वर, खाली-वर नाचवायचा आणि माझी कुरकुर विरेपर्यंत मधलं बटण केसाएवढं फिरवायचा. मग बोटातली लग्नाची अंगठी वाळूवर टाकायचा. तिच्यावरून जाताना मी ‘टीं’ म्हणालो की नको ते सूर गाळणारं उजवं बटण तिथेच सोडायचा. पातळ सोनं आणि पेयाच्या डब्याची पत्र्याची कडी, दोन्हींचा सूर जवळजवळ एकच. कडी टाळायला गेलं की सोनंही निसटतं.

मी त्याला चांदीची शिट्टी शोधून दिली. दोन सोन्याचे दात दिले. पबमध्ये मला स्वतःची खुर्ची होती.

होती.

मग तो पडदेवाला आला, मुठीजवळ चकचकीत पडदा असलेला नवा धातुशोधक. सडपातळ. एक बटण दाबलं की स्वतःच स्वतःला जुळवणारा. खुर्ची त्याला मिळाली. मला एमलिनने नेरिसच्या, म्हणजे बायकोच्या, हातात दिलं.

“घे. शिकायला हा बरा.”

“म्हणजे तू टाकलेलं मी वापरायचं?”

“टाकलं कुठे? निवृत्त केलं.”

“निवृत्त तर तूही झालास. तुला घेणारं कुणी भेटलं असतं, तर मीही दिला असता!”

मार्चमधली सकाळ होती. एमलिनने पडदेवाल्याचं बटण दाबलं. जुन्या सवयीने अंगठीही काढून वाळूवर टाकली, पण तोवर पडद्यावर हिरवा दिवा लागला होता. गुडघे दुखतात, सारखं वाकायला नको, म्हणून त्याने कड्यांचे सूर बंद करून टाकले. आणि पडद्यात डोळे घालून पुढे निघाला.

मागून नेरिस आणि मी. मला जुळवायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मी कुरकुरत होतो. खरं सांगू? अर्धी कुरकुर मिठाची होती. अर्धी माझी.

टीं. टीं टीं.

बघा, पुढे तो पडदेवाला कसा मिरवतोय.

टीं. टीं.

“गप रे बाबा!” नेरिस म्हणाली.

टीं!

ती एमलिनची अंगठी होती.

तेवढी एकच हाक खरी होती. नेरिसने खणलं नाही. तिने डावं बटण, म्हणजे माझा कानच, शून्यावर उतरवलं आणि पुढे गेली.

खडकांच्या बांधापाशी दोघं चहाला थांबली. एमलिनने कप धरला आणि तसाच राहिला. बोट उघडं होतं. भरती लागली होती.

“कुठे टाकलीस?”

“जिथे हा चालू केला, तिथे.”

“तिथे म्हणजे कुठे, एमलिन? माझ्या आईची अंगठी वितळवून केली होती ती!”

तो पडदेवाल्याला घेऊन धावला. इकडे, तिकडे. पडदेवाला गप्प. मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. पाणी पावलापावलाने वर येत होतं आणि मला आनंद होत होता.

मग नेरिसने माझं चक्र पाण्याकडेच्या वाळूवर धरलं.

मी ओरडू पाहिलं. पण मला काही ऐकूच येत नव्हतं. शून्य. ते माझंच मी ओढवून घेतलं होतं.

“एमलिन, कड्या बंद केल्यास ना त्याच्यात?”

“गुडघे गं माझे...”

“खड्ड्यात गेले गुडघे! सोनं आणि कडी एका सुरात बोलतात, हे एकोणीस वर्षं जेवताना तूच ऐकवतोस ना? उघड ते सगळं!”

त्याने उघडलं. एक कडी निघाली. दुसरी. तिसरी. लाट बुटांवर चढली तेव्हा पाण्याखालून पडदेवाल्याने स्वच्छ हाक दिली. एमलिन मांडीपर्यंत भिजत गुडघ्यांवर बसला. फावड्याच्या जाळीतून वाळू गळून गेली आणि अंगठी राहिली.

त्याने शोधली. मी नाही. हे वाक्य बोलायला मला दोन वर्षं लागली. तो मला अजून आवडत नाही. खुर्चीवर अजून तोच बसतो.

पण घरी जाताना नेरिस म्हणाली होती, “मला याला जुळवायला शिकव.”

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर नुसती घेऊन चालू लागू नका. आधी थांबा, तिला जुळवून घ्या. फार कुरकुरली तर लगेच शून्यावर नेऊ नका. काय खुपतंय ते बघा.

आता ओहोटीला नेरिस चक्र खाली-वर नाचवते. मग स्वतःची अंगठी काढते. तिला लाल लोकर बांधलेली असते, दुसरं टोक नेरिसच्या मनगटाला. अंगठी ओल्या वाळूवर ठेवते. तिकडे पडदेवाला काहीबाही बडबडत असतो. मी गप्प राहतो. अजून गप्प राहतो. आणि अंगठी चक्राखाली आली की एकदाच म्हणतो,

टीं.