हवेची वाट

माल भरण्यात थोरल्याचा हात धरणारा त्या शीतगृहात कुणी नव्हता. ट्रेलरचं दार उघडलं की तो आधी आतल्या भिंतीला तळवा लावायचा. भिंत पुरेशी गार नसेल, तर मागे कितीही आरडाओरडा होवो, एक खोकं हलू द्यायचा नाही.

"गाडी माल गार करत नाही रे बाबांनो," तो म्हणायचा. "गार माल गार राखते, एवढंच. आत कोमट न्याल, तर बाहेर कुजकं काढाल."

खोकी भिंतीपासून चार बोटं लांब. छताखालच्या लाल रेघेच्या वर काही नाही. दाराशी मोकळी जागा. पुढच्या यंत्रातून निघालेली गार हवा छताखालून मागे जाते, दाराशी उतरते आणि मालाखालून परत येते. ती वाट अडली की माल गेलाच म्हणून समजा. या हवेपायी तो इतकी हुज्जत घालायचा, की गड्यांनी त्याचं नाव 'हवालदार' पाडलं होतं. त्यालाही ते आवडायचं.

त्याचा धाकटा भाऊ तिथलाच ट्रेलर चालवायचा. आईबाप लवकर गेले तेव्हा थोरल्यानेच त्याला वाढवलं, कामाला चिकटवलं, त्याचं लग्न लावलं. या सगळ्यात स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. धाकट्याला बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. ती जेमतेम बोलायला लागली होती. काकाला ती 'ताता' म्हणायची, आणि तो कामावरून आला की त्याचे गारठलेले हात स्वतःच्या गालांना लावून किंचाळायची.

त्या दिवशी दुपारी ताज्या मासळीचा ट्रेलर भरून तयार होता. धाकटा फोन खिशात ठेवत माल चढवायच्या धक्क्यावर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"दादा, छकुलीचा ताप उतरेना म्हणतेय ही. दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का?"

थोरल्याने आजूबाजूला पाहिलं. दुसरा ड्रायव्हर नव्हता. "अरे, पोरांना ताप यायचाच. ती नेईल डॉक्टरकडे. मासळी थांबत नाही बाबा. तू नीघ, मी सुटलो की घरी जातो."

धाकट्याने दादाचा शब्द कधी मोडला नव्हता. तो निघाला.

थोरला घरी पोचण्याआधीच भावजयीचा फोन आला. पोरीला झटके आले होते, मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तो तसाच तिकडे धावला. दवाखान्याच्या फाटकाशी ट्रेलर उभा होता. धाकटा अर्ध्या वाटेतून वळून आला होता. ट्रेलर अगदी शांत उभा होता. ती शांतता थोरल्याच्या कानावर पडली, पण मनात शिरली नाही. तो जिन्याकडे पळाला.

दिवेलागणीला पोर गेली.

धाकटा भिंतीला टेकून खाली बसला होता. पोरीचा एक पायमोजा निसटला होता, तो भावजय पुन्हा पुन्हा नीट घालत राहिली. गाडी, मासळी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. शीतगृहातून रात्रपाळीचा दुसरा ड्रायव्हर आला आणि गाडी घेऊन पुढे गेला.

पोरीला पोचवून आल्यावर थोरला सकाळी कामावर गेला, कारण घरात बसवत नव्हतं. तो ट्रेलर परत आला होता. गिऱ्हाइकाने माल उतरवूनच घेतला नव्हता. दार उघडताच वास अंगावर आला. गडी नाक दाबून मागे सरले. थोरला एकटा आत चढला.

खोकी त्याने ठेवली होती तशीच होती. भिंतीशी चार बोटं जागा, लाल रेघ मोकळी. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. तेव्हा ती शांतता त्याला आठवली. यंत्राची ती अखंड घरघर दवाखान्याच्या फाटकाशी नव्हती.

दुसऱ्या ड्रायव्हरला त्याने बाजूला घेतलं.

"तू गाडी घेतलीस तेव्हा मशीन चालू होतं?"

"नव्हतं हवालदार. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, पेशंटना त्रास होतो म्हणून त्यानेच बंद करायला लावलं. तुझा भाऊ बंद करून वर पळाला. नंतर कुणाला सुचतंय? मी चालू केलं, पण तोवर उशीर झाला होता." तो थांबला. "मी कुठे बोललो नाही अजून."

"बोलू नकोस," थोरला म्हणाला.

मग त्याने कुणाला हात लावू दिला नाही. सगळा माल स्वतः खाली काढला. मॅनेजर आले तोवर ट्रेलर रिकामा होता.

"काय झालं असेल?" मॅनेजरांनी विचारलं.

"माझं चुकलं साहेब. घाईत छतापर्यंत रचला. हवा अडली."

धक्क्यावरचा जुना वजनवाला पुटपुटला, "तू? आणि छतापर्यंत? अरे, कुणाला सांगतोस!"

"चुकतो माणूस," थोरला म्हणाला. त्याची नजर खाली होती.

त्याला धक्क्यावरून काढलं. नोकरीवरूनच काढणार होते, पण जुना माणूस म्हणून ट्रेलर धुवायच्या कामाला लावलं. गमबूट घालून तो पाइपने पाणी मारायचा. पलीकडे नवा माणूस माल भरायचा, भिंतीला खेटवून भरायचा. थोरला बघायचा आणि तोंड फिरवायचा. आता त्याने काही सांगायचं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा झाल्या असत्या. 'हवालदार' अशी हाकही कुणी मारेना.

धाकटा बऱ्याच दिवसांनी कामावर आला. वजनवाल्याने त्याला काय ते ऐकवलं, आणि तो तडक धुण्याच्या जागी आला.

"कशाला खोटं बोललास?"

"तुझी पोर गेली होती रे. त्यात नोकरी गेली असती."

"मग जाऊ द्यायची! मशीन मी बंद केलं ना? निदान तेवढ्याबद्दल तरी कुणीतरी मला बोललं असतं. घरी कुणी बोलत नाही, ती बोलत नाही, तू बोलत नाहीस. सगळे मला सांभाळून घेताय." त्याचा आवाज फाटला. "मी म्हणालो होतो तुला, दुसऱ्याला पाठव म्हणून."

थोरल्याच्या हातातल्या पाइपाचं पाणी नुसतंच वाहत राहिलं.

"हो," तो म्हणाला. "म्हणाला होतास."

धाकटा तसाच मॅनेजरांकडे गेला आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. "भावासाठी जीव तुटतो, कळतं मला," ते म्हणाले. "पण त्याने स्वतः कबूल केलंय. तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका." त्यांचा विश्वास बसला नाही, की ठेवायचा नव्हता, कोण जाणे. धाकट्याने तिथल्या तिथे नोकरी सोडली. आता तो खडीचा ट्रक चालवतो. खडी नासत नाही.

दर रविवारी थोरला त्याच्या घरी जातो. भावजय दार उघडते.

"झोपलेत, भाऊजी," ती म्हणते. आतून खोकल्याचा आवाज येतो, जाग्या माणसाचा. थोरला दाराबाहेरच्या पायरीवर बसतो. ती चहा आणून देते आणि हल्ली स्वतःही शेजारी टेकते. दोघं फारसं बोलत नाहीत. परवा मात्र तिने अचानक विचारलं, "भाऊजी, तुमचे हात आता गार नसतात का हो?"

"नाही," तो म्हणाला. "धुवायला गरम पाणी असतं."

ती कप उचलून आत गेली, आणि या वेळी तिने दार लोटलं नाही.