ड्यूकचं पुस्तक आणि दुधाचं पातेलं

“आजी, काचेला नाक नको लावू. अलार्म होईल.”

“मग एवढं बारीक काढायचं कशाला?”

ईशिता, माझी नात, ब्रिस्टलच्या या म्युझियममध्ये कामाला आहे. काचेत एक प्रार्थनेचं पुस्तक होतं, सहाशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या एका ड्यूकने करवून घेतलेलं. मी चौथी पास. पण चित्र बघायला शाळा लागत नाही.

चित्रात ड्यूक जेवायला बसलाय. डोक्यावर केसाळ टोपी, पोट सुटलेलं. पडद्यावर, पेल्यांवर, पानाच्या कडेला, जिथे तिथे त्याच्या घराण्याचं चिन्ह, बगळा.

“लढाया केल्या का याने?”

“जमेल तितक्या टाळल्या. कॅसल्स बांधले, पेंटर्स पदरी ठेवले, बुक्स करून घेतले. त्याचे सगळे मुलगे त्याच्याआधी गेले, आजी. मग हा बुक सुरू केला. पण फिनिश व्हायच्या आत तोच गेला.”

“आणि बाकीची पुस्तकं?”

“गेले इकडेतिकडे. आमच्याकडे हा एकच आहे.”

मला घरची भांडी आठवली.

दुपारी माझा मुलगा अनुप यायचा होता. एवढं घर आता मला झेपत नाही, म्हणून त्याच्या शेजारचा फ्लॅट घेतलाय. तिथलं किचन म्हणजे कपाट. माझी भांडी चॅरिटी शॉपला द्यायची, असा साहेबांचा हुकूम. एक चमचा हलणार नाही, असं मी सकाळीच बजावलं होतं. जवळजवळ सगळी माझ्या लग्नातली, पुण्याहून आणलेली. त्यातल्या प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं: कमलाकर, म्हणजे आमचे हे, नाहीतर देणारे काका-मामा. घासली मात्र मी, पन्नास वर्षं.

“चित्रं काढणाऱ्यांची नावं कुठायत गं?”

“कोणाला माहीत नाही, आजी. लिहिलीच नाहीत.”

“म्हणजे राबले ते, आणि मिरवतोय हा!”

घरी आले तर अनुप खोकी घेऊन दारात.

“आई, आता भांडू नकोस हं.”

“ड्यूकनेसुद्धा लढाया टाळल्या, मी कशाला भांडू? भर.”

त्याने पहिलं खोकं उघडलं. डबे गेले, पराती गेल्या. तांब्यावरच्या ह्यांच्या नावावरून पदर फिरवला आणि तोही दिला. फक्त दुधाचं पातेलं मागे ओढून घेतलं.

“अगं, ते चेपलंय. त्यावर नावसुद्धा नाही.”

“म्हणूनच.”

हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या माझ्या पहिल्या पगारातून ते इथेच घेतलं होतं. इथे नाव घालून द्यायला कोण बसलंय? राहिलं ते राहिलंच.

अनुप गेल्यावर खिळा आणि हातोडी घेऊन बसले. माझं नाव मधुमती. ‘मधु’पर्यंत ठिपके आले आणि मनगट भरून आलं.

पातेलं धुतलं. त्यात दूध तापत ठेवलं आणि उतू जाऊ नये म्हणून शेजारी उभी राहिले.