पिशवीवर बसलेली पाखरं

वामनरावांच्या अंगणात पहाटे चारला पन्नास-साठ माणसं मांडी घालून बसली होती. मधोमध लाल कापड गुंडाळलेला बांबू, खाली पाण्याने भरलेली परात आणि परातीमागे अळीनाथ महाराज. हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेलं. "आव गं गुलाबी पिडे, आव," म्हणत ते घंटी वाजवत आणि खरोखरच अंधारातून बारीक करडी पाखरं येत, बांबूभोवती पिसाटल्यागत फिरत आणि परातीत पडत. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीची पाखरं ती. बाया डोक्यावर पदर घेऊन हात जोडत.

"तुमच्या कपाशीची पिडा मी माह्या अंगावर घेऊन राह्यलो," महाराज सांगत. "एकवीस दिवस वावरात पाय टाकायचा नाही. पाय पडला का मंत्र तुटला." पावलाने तुटणारा मंत्र मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मी मागच्या रांगेत होतो. मी तुळशीराम, या भागाचा कृषी सहायक. बीटी बियाणं पेरूनही बोंडात अळी निघाली, म्हणून जळगाव जामोदकडची आमची गावं त्या वर्षी हबकून गेली होती. महाराजांची चलाखी मला पहिल्याच पहाटे कळली आणि तरी मी चार दिवस गप्प बसलो. लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

झालं होतं असं. दसऱ्याआधी मला गावात कामगंध सापळे, म्हणजे वासाने पाखरं ओढून पकडणारी नरसाळी, वाटायचे होते, शेतात लावून दाखवायचे होते. मी खोकं वामनरावांच्या ओट्यावर ठेवलं, चहा प्यालो, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले, वासाच्या गोळ्यांची दोन पाकिटं फोडून फोटोपुरती हातात धरली, पिशवीत टाकली आणि गाडीला किक मारली. सापळ्यांची नरसाळी लोकांनी रॉकेल ओतायला नेली. बाकीच्या रबरी गोळ्या खोक्यातच राहिल्या. दिवाळीनंतर महाराज मुक्कामाला आले ते त्याच ओट्यावर. मी तोंड उघडलं असतं, तर पहिला प्रश्न मलाच आला असता.

पुढच्या रांगेत अन्नपूर्णाबाई बसायच्या. एकटी बाई, तीन एकर कपाशी, दुसरं काही नाही. डोमकळ्या, म्हणजे अळीने आतून शिवून टाकलेली फुलं, त्या रोज वेचून जाळायच्या. महाराजांच्या शब्दावर त्यांनी ते काम थांबवलं होतं. ते मी बघत होतो.

पाचव्या पहाटे त्यांच्या सोबतीला शेजारची महेजबीन आली. गाद्या भरणाऱ्या निजामभाईंची दहावीतली पोरगी. सगळे परातीकडे बघत होते, ती माझ्या मांडीजवळ.

"साहेब, तुमच्या पिशवीवर पाखरं काऊन बसून राह्यले?"

मी खाली पाहिलं. फोडलेली दोन पाकिटं महिन्याभरापासून पिशवीतच होती. कापडावर सात-आठ पाखरं पंख फडफडवत होती.

"साहेबावर बी कृपा झाली," महाराज लगेच म्हणाले. माणूस हुशार होता.

"मंग पिशवी समोरच्या शाळेच्या खांबाले टांगू," महेजबीन म्हणाली. "कृपा तिथं जाते का पाहू."

पिशवी खांबाला टांगली. थोड्या वेळात खांबाभोवती पाखरं घिरट्या घालू लागली. कुणीतरी बांबूचं लाल कापड सोडलं, तर आतून माझ्याच खोक्यातल्या गोळ्या घरंगळल्या.

अन्नपूर्णाबाई माझ्याकडे वळल्या. "साहेब, तुमाले माहीत होतं?"

"हो."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग जे दसऱ्याआधी सांगायचं होतं, ते मी तेव्हा सांगितलं. मादी नराला बोलवायला एक वास सोडते. गोळीत तोच वास भरलेला असतो. नराच्या मिशांवर बारीक केस असतात, केसांच्या आत पाणी. वास तेलकट, तो पाण्यातून आपसूक जात नाही. तिथलं एक प्रथिन त्याला धरतं आणि पाठुंगळी घेतल्यासारखं आतल्या मज्जातंतूपर्यंत पोचवतं. झाडाचे वास ओळखायलाही अशीच प्रथिनं असतात. त्या वासांवर मादी कपाशी शोधते आणि अंडी घालते.

"म्हंजे परातीत मेले ते सगळे नर?" महेजबीनने विचारलं.

"सगळे नर. अंड्यांनी भरलेल्या माद्या वावरातच."

महाराज पहिल्या एसटीने गेले. आम्ही उजाडल्यावर अन्नपूर्णाबाईंच्या शेतात गेलो. दहा बोंडं फोडली, त्यातल्या सहांत अळी. चार दिवसांच्या डोमकळ्या झाडावर तशाच होत्या. बाईंनी टोपली माझ्या हातात दिली.

"वेचा," त्या म्हणाल्या.

मी दुपारपर्यंत वेचत होतो. कपाशीच्या तिसऱ्या ओळीत मागून महेजबीन प्रत्येक फुलाचं विचारत होती, हे काऊन, ते कसं. तेवढंच तुमच्याकडे मागतो. कुणी चमत्कार दाखवला, तर तो कसा होतो ते विचारा. कुणी सही मागितली, तर कशासाठी ते विचारा. महाराजाला विचारा आणि माझ्यासारख्या साहेबाला त्याच्याआधी विचारा.