विल्फचा उजवा हात

पहिला ग्लास पियानोच्या कडेवर फुटला, तरी विल्फची बोटं थांबली नाहीत. इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदरातल्या गोदीजवळचा पब, रविवारची दुपार. इथे मारामारी सुरू झाली की बँडने थांबायचं नाही, उलट दणकून वाजवायचं. वाजवणं थांबलं की सगळा पबच हातघाईवर येतो, असं जुने लोक सांगत.

विल्फ हार्कनेस चौऱ्याहत्तर वर्षांचा. उभी हयात त्याने जॅझ पियानोत काढलेली. आज तो डगीच्या जुन्या वळणाच्या बँडमध्ये पाहुणा होता. क्लॅरिनेट पुसत डगीने आल्याआल्या बजावलं होतं, "आमच्यात सरळ वाजवायचं हां. तुझे वाकडेतिकडे सूर घरी ठेवून ये."

"घरी ठेवले तर एनिड भंगारात देईल रे."

एनिड, त्याची बायको, पुढच्याच टेबलाशी त्याचे लोकरी हातमोजे मांडीवर घेऊन बसली होती. हे हात तिने जन्मभर जपले. कोळसा तिने वाहिला, शेजाऱ्यांशी भांडलीही तीच. त्यात परवा डॉक्टरने सांगितलं, हाडं ठिसूळ झालीत, हाताला एक दणका बसला तरी पियानो विसरा.

ग्लास फेकणारा केनी. बँडमध्ये बँजो वाजवणाऱ्या जीनीचा नवरा; तिने महिन्यापूर्वी त्याला सोडलं होतं. तो थेट स्टेजवर चढला.

"घरी चल, सटवे!"

"नाही येत. मर तिकडे!"

त्याने बँजो हिसकावून जमिनीवर आपटला. मग तिचे केस धरून तिचं डोकं पियानोवर हाणलं. आतल्या तारा घुमल्या. रक्त पांढऱ्या पट्ट्यांवर सांडलं.

"थांबू नका! वाजवा!" डगी ओरडला.

विल्फ वाजवत राहिला. बोटं रक्तावरून घसरत होती. केनीने तिचं डोकं पुन्हा आपटलं, तेव्हा मात्र विल्फच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खड्ड्यात गेला तुमचा रिवाज! तो उठला.

"सोड तिला."

"बस खाली, थेरड्या. बोटं मोडतील तुझी."

विल्फने आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. त्याने मूठ आवळली आणि जीव खाऊन केनीच्या जबड्यावर हाणली. काडकन आवाज झाला. केनी कोसळला. पबातली माणसं त्याच्यावर तुटून पडली, लाथा घालत त्याला बाहेर फरफटत घेऊन गेली. केनीचा जबडा मोडला असं समजून सगळे खूश झाले. खरं काय मोडलं ते विल्फलाच ठाऊक होतं.

"हात बघू," डगी म्हणाला.

"नंतर. गाणं अर्धं राहिलंय. उजव्या हाताचं तू क्लॅरिनेटवर घे, डाव्याचं मी बघतो."

गाणं पुरं झालं. जीनी कपाळावर टॉवेल दाबून पायाने ठेका देत होती.

एनिड स्टेजवर आली. तिने विल्फच्या डाव्या हातात मोजा चढवला. उजवा हात टम्म सुजला होता.

"साधी जॅमची बरणी उघडू दिली नाही रे तुला," ती म्हणाली. तिला रडू आवरेना.

"माहितीये गं."

"बरं केलंस पण. चांगला हाणलास मेल्याला."

उजवा मोजा तिने घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली.