संग्रहालयातला पाळणा

मद्रासेत मैलापूरच्या स्टॉपवर उतरेपर्यंत अलकनंदेचा डावा खांदा बधिर झाला होता. कडेवर सव्वादोन वर्षांची सुंदरी, काखेत पिशवी, पिशवीत दुधाची बाटली, फडकी आणि एक नवं कोरं दुपटं. सासूबाई चार पावलं पुढे, डोक्यावर पदर ओढून, उन्हाशी जुनं वैर असल्यासारख्या चालत होत्या. टी. नगरहून निघताना बसला गर्दी, मध्ये बस बदलायची तर तिथेही गर्दी. आज हे उरकायचं आणि उद्या डॉक्टर, एवढं एकच वाक्य अलकनंदा सकाळपासून मनात घोकत होती.

सुंदरी अजून बोलत नव्हती. एक शब्द नाही. घरात ज्याचं त्याचं उत्तर तयार होतं. तिचा नवरा जयतीर्थ सकाळी सातला गिंडीच्या नव्या कारखान्यातल्या ऑफिसात जायचा आणि संध्याकाळी दमून आला की म्हणायचा, मीही तिसऱ्या वर्षी बोललो. शेजारच्या अलमेलू मामींचं म्हणणं, आई पुण्याची मराठी बोलते, आजी तंजावरची, बाप तमिळ. पोर बिचारी अजून निवड करते आहे. यावर सगळे हसायचे. अलकनंदा हसायची नाही. ती बी.ए. झालेली, मुलीसाठी वही ठेवणारी. पहिला दात कधी आला, पहिलं पाऊल कधी टाकलं, सगळं तारखेनिशी लिहिलेलं. बोलण्याचं पान कोरं होतं. रात्री अंथरुणावर पडलं की एक शब्द तिच्या ओठांपर्यंत यायचा, ‘मंद’, आणि ती कूस बदलून तो गिळायची.

सासूबाईंनी, विशालाक्षीबाईंनी, मात्र कारण शोधून ठेवलं होतं. त्यांच्या घरात सात पिढ्यांची बारशी एकाच पाळण्यात झालेली. तंजावरचं घर सोडून मद्रासेत भाड्याच्या पोर्शनमध्ये आल्यावर पाळणा टांगायला छताला कडीच नव्हती, म्हणून मामंजींनी वारण्यापूर्वी तो मैलापूरच्या या संग्रहालयाला देऊन टाकला. सुंदरीचं नाव ठेवलं ते सुपात निजवून. सासूबाई म्हणायच्या, पाळण्यात न घालता नाव दिलं, मग पोर त्या नावाला ओ देईल कशी? शेवटी जयतीर्थाने तोड काढली: एकदा तिला त्या पाळण्यात घालून आणा, मग आई डॉक्टरला आडकाठी करणार नाही. अलकनंदेला वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं. ती हो म्हणाली.

संग्रहालय म्हणजे एका जुन्या वकिलाच्या घराच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या. आठवड्यातून दोन दुपारी उघडायच्या. राखण करणारे गुंडोराव कोर्टातून निवृत्त झालेले कारकून, तंजावरचेच. झालं. कुठल्या गल्लीतले, कुणाचे कोण, कुणाची मुलगी कुंभकोणमला दिली, यात अर्धा तास गेला. अलकनंदा मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत उभी होती. मग गंजलेल्या तलवारी, ताडपत्रं, पितळी अडकित्ते, एका फुटक्या वीणेचा भोपळा. प्रत्येक वस्तूपाशी गुंडोराव थांबायचे, घसा साफ करायचे आणि पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवायचे. सासूबाई मान डोलवत होत्या. अलकनंदा घड्याळ बघत होती.

पाळणा तिसऱ्या खोलीत होता. लाखेचा तांबडा रंग, चार पितळी साखळ्या, वर लाकडी पोपट आणि पोपटांच्या पायांत घुंगरांचे झुबके. सासूबाईंनी लांबूनच हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले. अलकनंदेने पिशवीतून दुपटं काढलं.

“थांबा की, आधी ऐका तर,” गुंडोराव म्हणाले. आल्यागेल्याला त्यांनी हेच दाखवलं असणार. त्यांनी काठाला हात लावला आणि पाळण्याला एक चांगला झोका दिला. घुंगरं खळखळून वाजली.

“थांबव ते! रिकामा हलवाचा नाही!”

सासूबाईंचा एवढा मोठा आवाज अलकनंदेने कधी ऐकला नव्हता. ती दचकली, गुंडोराव दोन पावलं मागे सरले, खिडकीतलं कबूतर फडफडून उडालं. रिकामा पाळणा हलवला तर ज्या घरचा तो पाळणा, त्या घरच्या लेकराला बाधतं, हे तिच्या पुण्याकडेही मानत. सासूबाई विचारत होत्या, कधीपासून चाललंय हे? गुंडोरावांचा चेहरा पडला. ते पुटपुटले, इथे टांगल्यापासून. झोका दिल्याशिवाय लोकांना कळत नाही काय आहे ते. सासूबाई बोटांवर मोजायला लागल्या. पाळणा इथे आला आणि तिसऱ्या महिन्यात सुंदरी झाली.

अलकनंदेचं त्या मोजण्याकडे लक्ष नव्हतं. ती कडेवरच्या मुलीकडे बघत होती. सुंदरीचं तोंड खिडकीकडे होतं आणि ती आईच्या मंगळसूत्राची वाटी चोखत होती. आई दचकली तेव्हा तिने मान वर करून आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. आजीकडे नाही. पाळण्याकडे नाही.

अलकनंदेला घरातल्या कितीतरी गोष्टी एकदम दिसायला लागल्या. दार आपटलं तरी न मोडणारी झोप. दिवाळीत फटाक्यांनी शेजारची सगळी पोरं रडत असताना खिदळणारी सुंदरी. तिला वाटायचं, धीट आहे पोर.

तिने सुंदरीला जमिनीवर बसवलं, पाळण्याकडे पाठ करून, आणि स्वतः तिच्यासमोर बसली.

“आई, पुन्हा हलवा.”

“रिकामा?”

“हो.”

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं, तसं गेल्या चार वर्षांत कधी बघितलं नव्हतं. गुंडोरावांनी तर हात मागे बांधून घेतले. आता आपण शिवणार नाही म्हणाले. मग विशालाक्षीबाई पुढे झाल्या, ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेतलं आणि काठाला बोट लावलं. घुंगरं किणकिणली. सुंदरी फरशीवरच्या धुळीत रेघा ओढत होती. सासूबाईंनी जरा जोर केला. मग दोन्ही हातांनी ढकलला. साखळ्या करकरल्या, घुंगरांचा नुसता कल्लोळ झाला. सुंदरीने तिसरी रेघ ओढली.

एवढ्यात पाळण्याची सावली फरशीवरून पुढे सरकली आणि तिच्या बोटांवरून गेली. तिने गर्रकन मागे वळून पाहिलं आणि हसली.

“वळली! बघटलीस? वळली ती,” सासूबाई म्हणाल्या.

“सावली दिसली तिला, आई.”

सासूबाईंनी झुलणारा पाळणा दोन्ही हातांनी धरून थांबवला आणि तशाच धरून उभ्या राहिल्या. नंतर गुंडोरावांनी हळूच विचारलं, एवढ्या उन्हातून आलात, पोरीला घालाचं ना आत? दुपटं घालू? त्या मानेनेच नको म्हणाल्या.

“कानाचा डॉक्टर किती वाजेतोवर बसतो?” त्यांनी अलकनंदेला विचारलं.

अलकनंदेला जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही. मंद नाही, मंद नाही, असं मन एकीकडे म्हणत होतं, आणि दुसरीकडे तिला तिथेच फरशीवर आडवं व्हावंसं वाटत होतं. मोठ्या इस्पितळात पाचपर्यंत बसतात, ती म्हणाली. उद्याचं कशाला, आत्ताच जाऊ, सासूबाई म्हणाल्या आणि वाकून त्यांनी सुंदरीला उचललं. गुडघे दुखतात म्हणून त्या मुलीला कडेवर कधी घेत नसत.

स्टॉपवर सावली नव्हती. सासूबाईंनी पदर पसरून मुलीच्या डोक्यावर धरला होता.

“रोज सांजेला गोष्ट सांगते मी तिला,” त्या म्हणाल्या. “डोळा न हलवता ऐकायची. मला वाटायचं, असं ऐकणारं पोर आमच्या घरात झालं नाही.”

“तुमच्या तोंडाकडे बघत असते ती,” अलकनंदा म्हणाली. “आवडतं तिला.”

विशालाक्षीबाईंनी मुलीची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं, तिचे डोळे आपल्या तोंडावर टेकेपर्यंत वाट पाहिली आणि ओठ पुरते उघडून, एकेक अक्षर तोडून तिचं नाव घेतलं. मग पुन्हा एकदा. बस आली तेव्हा अलकनंदेने पिशवी उचलली आणि दोघींना पुढे चढू दिलं.