त्या दिवशी ललिता दोनदा घसरली

मी एक जुनी घसरगुंडी आहे. धुळ्यात, पांझरा नदीच्या पलीकडच्या एका बागेत उभी आहे. बोलण्याची मला सवय नाही. पोरांचा गोंगाट ऐकण्यातच माझे आयुष्य गेले. तेव्हा सांगताना कुठे अडखळले तर, मित्रांनो, सांभाळून घ्या. मी जे सांगणार आहे ते माझ्या मोठेपणाचे नाही. ते सांगावे की नाही, याचाच मी बरेच दिवस विचार करत होते.

गफूरभाई नावाच्या वेल्डरने मला घडवले. जाड नळ्यांचे पाय, सळ्यांची शिडी आणि वर गुळगुळीत पत्रा. काम संपत आले त्या दिवशी त्यांची बायको रहिमाबी जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली. गफूरभाई तिला म्हणाले, "जरा हात फिरवून बघ. कुठे टोचतंय का?"

रहिमाबीने माझ्या अंगावरून हात फिरवला. एका कडेपाशी ती थांबली. "इथे टोचतंय. पोरांच्या चड्ड्या फाटल्या तर त्यांच्या आया तुमच्या नावाने बोटं मोडतील, माझ्या नाही!"

गफूरभाई हसले. डबा तसाच ठेवून त्यांनी ती कड पुन्हा घासली. मला न्यायला माणसे आली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली, "झाडाखाली बसवा. पत्रा आहे हा. आपल्याकडच्या उन्हात त्याचा तवा होतो."

मला खरोखरच एका मोठ्या कडुनिंबाखाली बसवले. ती वर्षे फार चांगली गेली. संध्याकाळी रांग लागे. सुट्टीत दोंडाईच्याहून, शिरपूरहून मामाकडे आलेली मुले येत. कुणी पोटावर घसरे, कुणी उलटे चढे. एक आजोबा रोज नातवाला घेऊन येत आणि आजूबाजूला कोणी बघत नाही असे पाहून स्वतःही एकदा घसरत. मला वाटे, मी मुलांना आनंद देते. असे वाटून घ्यावे का, हे मला तेव्हाही नीट ठाऊक नव्हते.

मग पत्रा मध्येच फाटला. कुणीतरी शिडीला दोरी बांधली आणि 'बंद' असा पुठ्ठा लटकवला. पुठ्ठा एका पावसात गेला, पण दोरी राहिली. माझ्यावर लोकांनी नावे कोरली, गुटख्याच्या पिचकाऱ्या मारल्या. माझ्या सावलीत दारू पिऊन माणसे झोपली. अशी किती वर्षे गेली, ते मला सांगता येणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात बागेचे नूतनीकरण निघाले. बाग समितीने एका ठेकेदाराला काम दिले. त्याचा मुकादम होता नवल. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातून त्याने मजूर आणले. त्यांत जामसिंग, त्याची बायको दगडीबाई आणि त्यांची सात वर्षांची मुलगी ललिता होती. ते बागेच्या मागच्या भिंतीला ताडपत्री बांधून राहत.

पहिल्याच आठवड्यात कडुनिंब तोडला. त्या जागी मोठी रंगीत अक्षरे उभी करायची होती, लोकांनी पुढे उभे राहून फोटो काढावेत म्हणून. मला नवा पत्रा बसवला, पायांना नि शिडीला लाल रंग दिला, आणि फाटकातून शिरल्या शिरल्या दिसेन अशी मोकळ्या जागी, पश्चिमेकडे तोंड करून उभी केली. माझ्या पायांसाठी खड्डे जामसिंगनेच खणले. खणता खणता तो हळूच आपल्या अहिराणीत म्हणाला, "भाऊ, आठे दुपारभर ऊन शे. पत्रा तपी जाई."

नवल म्हणाला, "या इंजिनियरसाहेब! तुमचं ऑफिस कुठे आहे? खण मुकाट्यानं."

ललिता मात्र मला पाहून वेडावली होती. आईच्या डोक्यावरचे घमेले उतरेपर्यंत ती माझ्याजवळ उभी राही आणि माझ्या नव्या पत्र्यात स्वतःचे तोंड पाही. "बा, माले एकदा बसू दे ना," असे ती दिवसातून दहा वेळा म्हणे.

जामसिंग म्हणाला, "आते नही. काम सरू दे. शेवटना दिन सांजले मी सोता बसाडसू तुले."

"खरं?"

"खरं शे."

नवलने हे ऐकले. त्याने सगळ्या मजुरांना माझ्यापुढे उभे केले. "कान उघडे ठेवून ऐका. उद्घाटन होईपर्यंत हिच्यावर कुणी टेकायचं नाही. पाहुण्यांना कोरी करकरीत दाखवायचीय. उष्ट्या घसरगुंडीची फीत कोण कापील? जामसिंग, तुझी पोर सांभाळ. जळगावच्या बागेचं काम तुलाच द्यायचंय मी. तिनं घोळ केला तर तू सरळ गावची गाडी धर."

जामसिंगने मान हलवली. गावी परत जाऊन पाऊस येईपर्यंत त्याला काही काम नव्हते, हे नवलला माहीत होते. मुकादमाला अशा गोष्टी माहीत असाव्याच लागतात.

ललिता त्यानंतर माझ्याजवळ आली नाही. लांबूनच दिवस मोजत राहिली.

शेवटचा दिवस उजाडला. माझ्या शिडीला गुलाबी फीत बांधली गेली. पारा पंचेचाळिसाच्या वर गेला असावा. कावळेसुद्धा नळाखाली बसून होते. जेवणाच्या वेळी नवल म्हणाला, "चारच्या आत सगळा पसारा मागच्या फाटकातून बाहेर. पाहुण्यांना घमेली-फावडी दिसायला नकोत. आणि तुम्हीपण नकोत. टेम्पो बाहेर उभा असेल, त्यात बसायचं."

ललिताने बापाकडे पाहिले. "बा, मग सांजले?"

जामसिंग भाकरी मोडत राहिला. "पुढला बगीचामा बसजो," असे तो म्हणाला. तिच्याकडे पाहिले मात्र नाही.

दुपारी दीडच्या सुमारास सगळे भिंतीच्या सावलीत आडवे झाले. नवल पाहुण्यांसाठी घातलेल्या मांडवात तीन खुर्च्या जोडून झोपला. आणि ललिता आली. ती अनवाणी होती. फितीखालून वाकून तिने शिडीच्या पहिल्या सळीवर पाय ठेवला आणि चटकन उचलला. मग ती पळतच वर चढली. तिला वाटले असेल, वर पोहोचले की पोळणार नाही.

मित्रांनो, वर तर मी अधिकच तापले होते. तिला उभे राहवेना. मागे उतरायचे तर सळ्या तापलेल्या, पुढे जायचे तर मी. तिने फ्रॉक अंगाखाली ओढून घेतला आणि बसली. मी तिला खाली नेले. मला दुसरे काही येतच नाही. थांबवणे मला येत नाही, उचलून धरणेही येत नाही. अर्ध्या वाटेत फ्रॉक वर सरकला आणि तिच्या मांड्यांची कातडी माझ्या पत्र्याला लागली.

ती ओरडली नाही. मांडवात नवल झोपला होता. खालच्या वाळूत पडून तिने स्वतःचाच दंड दातांत धरला.

दगडीबाईला जाग आली, तेव्हा मुलगी रांगत तिच्याकडे येत होती. तिने मांड्या पाहिल्या. दोन्हीकडे तळहाताएवढे फोड उठत होते. "कोणले सांगू नको," ती पोरीच्या कानात म्हणाली. "बापलेबी नको. तो चिडी जाई, आन मंग काम जाई." तिने ताटव्यातल्या नव्या कोरफडीचे एक पान मोडले आणि त्याचा गर फोडांवर लावला.

नवल उठला आणि त्याची नजर पहिल्यांदा कोरफडीवरच गेली. "पान कुणी तोडलं?"

"मी तोडं, भाऊ. डोकं दुखस."

"डोकं दुखतंय म्हणून बगीचा खाणार? उद्या पोट दुखलं तर हिरवळ चराल!"

मजूर हसले. मुकादमाच्या विनोदाला हसायचे असते. जामसिंगसुद्धा हसला. त्याला काहीच माहीत नव्हते.

चार वाजता ते सामान उचलून मागच्या फाटकाकडे निघाले. ललिता पाय फाकवून चालत होती. तेवढ्यात समितीच्या अध्यक्षा दिपमालाताई तयारी पाहायला लवकरच आल्या. त्या वाईट बाई नव्हत्या, असे मला अजूनही वाटते. मजुरांना त्यांनी स्वतःच्या हाताने पाण्याच्या बाटल्या दिल्या. मग त्यांची नजर ललितावर पडली.

"किती गोड मुलगी! नवल, ह्यांना थांबवून घ्या. आज पहिल्यांदा हीच घसरेल. ज्यांनी बाग घडवली, त्यांच्या मुलीच्या हातून उद्घाटन. फोटो किती बोलका येईल!"

"वा, ताई! काय सुचलं तुम्हाला!" नवल म्हणाला.

सहाला पाहुणे आले, भाषणे झाली, फीत कापली गेली. ऊन कलले होते, मी आता नुसती कोमट होते. ललिताला पुढे बोलावले. ती आईच्या लुगड्यात शिरली. "नही. माले नही बसनं."

लोक हसले. "लाजतेय!" कुणी म्हणाले. नवल दात न उघडता म्हणाला, "जामसिंग, पाहुणे उभे आहेत."

दगडीबाईने नवऱ्याची बाही धरली. तिचे ओठ हलले. पण नवल हातभरावर उभा होता. तिने बाही सोडून दिली.

आणि जामसिंगचा चेहरा, मित्रांनो, मला विसरता येत नाही. तो आनंदला होता. पोरीला दिलेला शब्द पाळायला त्याला मिळत होता, तोही एवढ्या लोकांसमोर. "अवं, तुनी किती हाऊस व्हती! भ्यास कसाले? मी शे ना." असे म्हणत त्याने तिला उचलले, शिडीवर उभे राहून आपल्या हातांनी माझ्या माथ्यावर बसवले आणि पाठीला प्रेमाने हलकासा धक्का दिला.

समोर फोटोवाला ओरडला, "हस, बेटा! दात दिसू दे!"

तिने दात आवळले होते. ते दिसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फोड फुटले होते. माझ्या पत्र्यावर वरपासून खालपर्यंत एक ओला पट्टा उमटला. फोटोवाला म्हणाला, "आणखी एकदा घेऊ." पण दिपमालाताईंना तो पट्टा दिसला. त्यांनी पदर तोंडाला लावला. "अगबाई! घाबरून शू केली वाटतं! असू दे, असू दे, लहान आहे. नवल, जरा फिनेल मारून पुसून घ्या, मग आपली मुलं बसतील."

केवढा हशा पिकला! आपली मुले फिनेल वाळेपर्यंत रांगेत उभी राहिली.

जामसिंगने पोरीला उचलून बाजूला नेले. तिच्या मांडीखाली धरलेला त्याचा हात ओला झाला. त्याने हात उजेडात धरून पाहिला. मग तो माझ्याकडे आला आणि पत्र्यावर तळवा टेकवून उभा राहिला. पत्रा कोमट होता. त्याला उमगेना. दगडीबाई मागून एवढेच म्हणाली, "दुपारले."

नवलने जामसिंगच्या खांद्यावर थाप मारली. "जमलं बघ! ताई खूश आहेत. चल, टेम्पो खोळंबलाय. उद्या सकाळी जळगावात खड्डे खणायचेत." मुलीला पालथी खांद्यावर टाकून जामसिंग टेम्पोकडे गेला.

मी त्यांना पुन्हा पाहिले नाही. ललिताच्या जखमा भरल्या की चिघळल्या, जळगावच्या बागेत काय झाले, मला माहीत नाही. दोष कुणाचा, याचा मी पुष्कळ विचार करते. माझी बुद्धी बेताची आहे. पण पोळवले मी, एवढे नक्की.

तो फोटो मोठा करून फाटकापाशी लावला आहे. खाली लिहिले आहे, 'आमची हसरी बाग'. एखादे लहान मूल माझ्या शिडीवर घाबरले की त्याची आई तिकडे बोट दाखवते. "बघ, ती ताई कशी हसतेय! ती घाबरली का?" मग मूल धीर करून घसरते.

मित्रांनो, उन्हाळ्यात कुठल्याही बागेत गेलात तर बसण्याआधी पत्र्यावर हात ठेवून पाहा. दुपारी माझ्याकडे येऊच नका. ज्यांना दुपारीच यावे लागते, त्यांना संध्याकाळी जागा द्या. आणि कुणी 'नाही' म्हटले तर हसू नका, का ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. माझ्यासारख्या पत्र्याच्या वस्तूने तुम्हाला शिकवावे, हे बरे दिसत नाही. तरी एक मागते. त्या फोटोसमोर कधी उभे राहिलात तर तिचे दात पाहू नका. खाली पाहा. दोन्ही मुठींत तिने फ्रॉकचा काठ धरला आहे, आणि तो मांड्यांना लागू नये म्हणून ती तो वर उचलून धरते आहे.