भर उन्हाळ्यातली कुंची

त्या सकाळी निलंग्याच्या शरणप्पांच्या घरात सगळं रोजच्यासारखंच चाललं होतं. चुलवणावर पाणी तापत होतं, शेगडीत ओव्याची धुरी धुमसत होती, आणि शरणप्पांची बायको महानंदाबाई पाय लांब करून, पायांवर नातीला पालथी घालून न्हाऊ घालत होती. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे घरात नुसती धांदल. नात जन्माला येऊन आठवडा उलटला होता, बारसं तोंडावर आलं होतं. लेकरू डावा हात असा झाडत होतं की तांब्यातलं पाणी आजीच्या तोंडावर उडत होतं. उजवा हात मात्र अंगाला चिकटून लोंबत होता. तळवा मागं वळलेला, बोटं अर्धी मिटलेली. कचेरीतला कारकून पाठीमागं हात करून चिरीमिरी घेतो ना, अगदी तसा.

"अव्वा, हाताला धरून वढू नको गं," बाजेवरून लेक मंजुषा आईला म्हणाली.

"मला शिकवायलीस? पाच लेकरं हुबी केलीत या पायावर!"

"डॉक्टरीणबाई म्हणल्या व्हत्या, खांद्याखाली हात घालून उचला."

"आन् आपोआप येतोय हात, हे बी म्हणल्या व्हत्या. ते बरं आठवत न्हाई तुला."

डॉक्टरीणबाई तसं म्हणाली होती, हे खरं. लेकरू अंगानं मोठं, डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. जीव वाचवायच्या घाईत मानेतल्या नसा ताणल्या गेल्या. यात ना आईची चूक, ना बाळाची. डॉक्टरीणबाईनं शरणप्पांना आणि महानंदाबाईला समोर बसवून सांगितलं होतं, "बहुतेक लेकरांचा हात आपोआप येतो. पण म्हणून डोळे मिटून बसायचं नाही. पहिले दोन-तीन आठवडे हात जपा. मग मी शिकवते तसा रोज हलक्या हातानं हलवा, म्हणजे सांधा आखडणार नाही. मला दाखवत राहा. आणि तीन महिन्यांची झाली तरी कोपर वाकवून हात तोंडाकडे नेईना, तर एक दिवस थांबू नका. मोठ्या दवाखान्यात जा. नस जोडायची तर तिची वेळ असते. वेळ गेली की देव आला तरी उपयोग नाही."

एवढं लांब बोलणं. घरी काय आलं? "आपोआप येतो." दवाखान्यातून अर्धं वाक्य पदरात बांधून आणायची आपल्याला खोडच आहे. गोड अर्धं आणायचं, कडू अर्धं दवाखान्याच्या पायरीवर ठेवून यायचं, वर म्हणायचं की डॉक्टरांनी काही सांगितलंच नाही!

बारशाला मंजुषाच्या सासरची माणसं अहमदपूरहून जीप करून आली. सासू मल्लम्मा पुढं, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे, मागं मंजुषाचा नवरा श्रीशैल, पेढ्यांचे खोके धरून. बाजारपेठेत त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान, आणि दुकानापेक्षा मल्लम्माची जीभ जास्त चालते असं गावात म्हणतात.

महानंदाबाईनं पहाटेच नातीला दुपट्यात करकचून बांधलं होतं. उजवा हात आत दाबून, वर जरीची कुंची. थंडीचे दिवस होते, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. पाळणा म्हणून झाला, शिवांगी नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. सगळं सुरळीत पार पडलंही असतं. पण मल्लम्मानं नातीसाठी काळ्या मण्यांच्या मनगट्या आणल्या होत्या, चांदीच्या घुंगरांच्या. बापाकडच्या आजीनंच घालायच्या असतात. मल्लम्मानं लेकरू मांडीवर घेतलं, कुंची सोडली, दुपटं सोडलं. डाव्या हातात मनगटी घातली. उजवा हात उचलला आणि सोडला. तो पडला. पुन्हा उचलला. पुन्हा पडला.

पाळण्याभोवतीच्या बाया एकदम गप्प झाल्या. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या, ते त्याहून वाईट.

"इनबाई," मल्लम्मा सावकाश म्हणाली, "हे काय हाय?"

"जरा नस आखडलीया. आपोआप येतंय म्हणलेत."

"भाद्रपदात ग्रहण झालं, तवा ही माझ्या घरी व्हती. मी हिला रातभर पालथी म्हणून पडू दिली न्हाई. इळीला हात लावू दिला न्हाई. माझ्या घरून धडधाकट धाडली. तुमच्याकडं आल्यावर काय केलं?"

"ग्रहण तुमच्या घरी झालं म्हणता, आन् दोष आमचा?" महानंदाबाईही कमी नव्हती. "पोटुशी बाईला पोतं निवडायला बसवलं, ते बी तुमच्याच घरी."

"तुमच्या दवाखान्यानं मोडला हात!"

"तुमच्या ग्रहणानं!"

मंजुषा ओरडून म्हणाली, "आत्याबाई, अव्वा, ग्रहण नव्हं, कुणी मोडला बी न्हाई. खांदा अडकला व्हता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय…"

"तू गप!" दोघी एका आवाजात म्हणाल्या. दोन्ही घरांचं एकमत त्या दिवशी फक्त एवढ्या एका गोष्टीवर झालं.

जीप परत फिरताना मल्लम्मानं निकाल सांगितला. "हात नीट करा, मग सांगावा धाडा. आम्ही पाळणा घिऊन न्यायला येऊ." श्रीशैलनं मंजुषाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मान खाली घालायला नवऱ्यांना फार छान जमतं.

आता या दोन घरांचा न्याय ऐका. सासर म्हणतं, पहिलं बाळंतपण माहेरचं, तर निस्तरायचंही माहेरानंच. शरणप्पा म्हणतात, "लेकरू त्यांचं, आडनाव त्यांचं. आपरेशनला बापाची सही लागंल. उद्या काही कमी-जास्त झालं तर म्हणतील, तुम्हीच मारलं. त्यांनी यावं, मी पाठीशी हुबा ऱ्हातो." म्हातारा मनानं वाईट नव्हता, घाबरला होता. आणि भीतीला आपल्याकडं रीत म्हणतात. रीतीचं नाव दिलं की भीतीलाही मान मिळतो. बाळंतपण एकाचं, लेकरू दुसऱ्याचं. मग हात कुणाचा? तो मधल्यामध्ये लोंबत राहिला.

महानंदाबाईनं आणखी एक शहाणपण केलं. गल्लीत बोभाटा नको म्हणून नातीला कायम बांधून ठेवायला लागली. डॉक्टरीणबाईला दाखवायला न्यायचं तेही बंद, कारण रस्त्यात लोक बघतात. मंजुषा दार लावून हात हलवायला बसली की, "निखळंल गं बाई!" म्हणून आई धावून यायची. कधी व्यायाम व्हायचा, कधी राहून जायचा. कुणी मनगट ओढायचं, कुणी तेल रगडायचं, कुणी गंडा बांधायचं. ज्याला-त्याला त्या हातावर आपला हात चालवायचा होता.

एक दिवस महानंदाबाई हरखून ओरडली, "बघ बघ, बोटं हलायलीत! माझं बोट घट्ट धरलं बघ पोरीनं!"

मंजुषानं बघितलं. बोटं खरंच हलत होती. पण ती तर पहिल्या दिवसापासून हलत होती. कोपर हललं नव्हतं. खांदा उठला नव्हता. तिनं श्रीशैलला फोन लावला.

"अहो, तीन महिने झाले. कोपर वाकना. न्यायला पायजे."

"आई म्हणती, उन्हाळा लई हाय. जरा थांबावं."

"आन् तुम्ही काय म्हणता?"

पलीकडून तराजूचा आवाज आला, गिऱ्हाइकाचा आवाज आला. नवऱ्याचा आवाज काही आला नाही.

मे महिना उजाडला. निलंग्यात कावळासुद्धा सावली सोडेना. एका सकाळी मंजुषानं पिशवी भरली.

"कुठं निघालीस?"

"लातूरला. मोठ्या दवाखान्यात."

"येडी झालीस का? सासरचं बोलावणं न्हाई, पाळणा न्हाई. पाळण्याबिगर लेकराला घिऊन गावची शीव वलांडत न्हाईत."

"अव्वा, शीव कुणी वलांडावी म्हणून नस थांबती का गं?"

महानंदाबाईनं सवयीनं नातीच्या डोक्यावर कुंची चढवली, हात आत दाबला, नाडी बांधली. "निदान हे तरी काढू नको. यष्टीत गावची माणसं असत्यात."

एसटी खच्चून भरली होती. पत्रा तापला होता. औसा यायच्या आतच शिवांगी रडून-रडून लाल झाली. शेजारी एक म्हातारी बसली होती, डोक्यावर पदर, तोंडात तंबाखू.

"पोरी, लेकरू शिजवायलीस का हुरडा भाजायलीस? भर उन्हाळ्यात कुंची!"

"हात अधू हाय, आज्जी. लोक बघतेत."

"मग बघू दे की! लोकांच्या डोळ्याला गार वाटावं म्हणून लेकराला उबवायलीस व्हय?"

मंजुषानं नाडी सोडली. कुंची काढली, दुपटंही काढलं. घामोळ्यानं भरलेली पाठ उघडी झाली, तो हात मांडीवर पडला. चार माणसांनी वळून पाहिलं, पुन्हा खिडकीकडं बघायला लागली. बस्स, एवढंच झालं. ज्याच्या भीतीनं चार महिने घालवले ते एवढंच होतं.

लातूरच्या डॉक्टरीण वर्षाराणी मॅडमनी हात उलटासुलटा करून पाहिला. खेळणं समोर धरलं. शिवांगीनं डावा हात पुढं केला.

"आजवर कुठं होता?" मॅडमनी विचारलं. मंजुषानं पिशवीतली कुंची आणखी खाली दाबली.

"बोटं चांगली आहेत. ती कधी बिघडलीच नव्हती, दुखापत वरच्या नसांना आहे. खांदा बांधून ठेवल्यानं आखडलाय, तो व्यायामानं सुटेल. पण एवढ्या दिवसांत कोपर जराही वाकत नाही, म्हणजे नस आपली आपण जुळेल असं धरून चालायचं नाही. तुमच्याकडं ऊस आहे?"

"हाव. माहेरी हाय."

"मोटार बंद पडली तर ऊस किती तग धरतो?"

"थोडे दिवस. मग वाळतोय. मग पाणी दिलं तरी उपेग न्हाई."

"स्नायूचं तसंच. अजून वाळलेला नाही. हैदराबादला याची शस्त्रक्रिया करणारे आहेत, पायातली नस घेऊन इथं जोडतात. याच महिन्यात जा. दुसऱ्या हातासारखा होईल, असं मी सांगणार नाही. पण घास तोंडाशी नेता येईल, एवढी आशा आहे."

"आन् आधी आले असते तर?"

"वेळ हातात असती. ताण थोडा असता तर बिनऑपरेशनचाही आला असता, बहुतेकांचा येतो. तुमच्या लेकीचं ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

मंजुषा बसस्थानकावर आली. निलंग्याची गाडी उभी होती. ती अहमदपूरच्या गाडीत चढली.

दुकानात गिऱ्हाईक होतं. श्रीशैल तूरडाळ तोलत होता, मल्लम्मा गल्ल्यावर. सुनेला पायरीपाशी बघून तिच्या कपाळावरची विभूतीसुद्धा आक्रसली.

"ना सांगावा, ना बोलावणं! आन् त्यो हात झाक आधी. पेठ बघायली!"

"झाकून झाकूनच ही पाळी आली, आत्याबाई."

"पोरीची जात हाय. उद्या कोण करंल हिला, इचार केलास का? म्हणून म्हणते झाक."

"हिला उद्या कोण करंल ते उद्या बघू. आज ही सोताच्या हातानं खाईल का, तेवढं बोला." मंजुषा श्रीशैलकडं वळली. "सकाळच्या गाडीनं हैदराबादला चाललेय. बापाची सही लागंल म्हणतेत. बाप येतोय का?"

गिऱ्हाईक पिशवी पुढं करून तसंच उभं. श्रीशैलच्या हातात माप तसंच.

"आन् दुकान कोण बघंल?" मल्लम्मा.

श्रीशैलनं माप खाली ठेवलं. "दुकानाला शटर हाय, आई," तो म्हणाला. लग्न झाल्यापासून आईसमोर त्यानं उच्चारलेलं हे पहिलं पुरं वाक्य.

तो पायरी उतरला, लेकीला घ्यायला दोन्ही हात पुढं केले आणि काखेत धरून उचलायला लागला. "तसं न्हाई," मंजुषा म्हणाली, "एक हात मानंखाली, एक कंबरंखाली. हां. त्यो हात लोंबू देऊ नका, पोटावर ठिवा." बाप झाल्यावर चार महिन्यांनी तो लेक धरायला शिकत होता, भर पेठेत.

"आत तरी ये," मल्लम्माचा आवाज जरा खाली आला. "भाकरतुकडा ओवाळते."

"येईन. आधी हे घ्या." मंजुषानं पिशवीतून कुंची काढली, ती मनगट्यांची जोडी काढली आणि गल्ल्यावर ठेवली. "डाव्या हातातली बी काढून आणलीय. जवा ही सोता उजवा हात पुढं करंल, तवा दोन्ही संगंच घाला. त्याच्या आधी न्हाई."

हैदराबादला शस्त्रक्रिया झाली. मनगट्या अजून अहमदपूरच्या गल्ल्यातच आहेत. शिवांगीचा हात अजून तोंडापर्यंत पोचलेला नाही. सकाळ-संध्याकाळ मंजुषा तो हलवते, रविवारी श्रीशैल हलवतो. किती येईल, ते कळायला वर्ष-दीड वर्ष जाईल. कदाचित घासापुरता येईल. कदाचित वेणी घालण्यापुरता कधीच येणार नाही. ज्या दोन बाया ग्रहणावरून भांडल्या त्या आता लेकराच्या दोन्ही बाजूंना बसून म्हणतात, "येईल गं, आपोआप येईल." अर्धं वाक्य अजून सुटलेलं नाही.

तुमच्या घरात, गल्लीत, एखाद्या लेकराचा हात असा लोंबत असेल, तर कुंची सोडा आणि कोपर बघा. दोष कुणाच्या घरचा, ते मग म्हातारपणी निवांत ठरवा.

डॉक्टर सांगतात, जोडलेली नस रोज तांदळाच्या कणीएवढी पुढं सरकते. ही दोन घरं चार महिन्यांत तेवढीही सरकली नव्हती.